इतिहासाच्या तासाला माहितीपट: दाखवावा, पण मोकळ्या तासाला नव्हे

गोदाकाठची_बाई:
गेल्या आठवड्यात आमच्या शिक्षकांच्या गटात वाद झाला. वर्गात टीव्ही आलाय तर इतिहासाचे माहितीपट दाखवावेत का, एवढाच विषय. निम्मे म्हणाले, हा वेळकाढूपणा. उरलेले म्हणाले, दाखवू की, शनिवारी किंवा कोणी गैरहजर असलं की. मला दोन्ही पटत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. मी नाशिकमध्येच आठवी ते दहावीला इतिहास शिकवते.

दहावीच्या पुस्तकात 'प्रसारमाध्यमे आणि इतिहास' आणि 'मनोरंजनाची माध्यमे आणि इतिहास' असे दोन अख्खे पाठ आहेत. दादासाहेब फाळके ज्या जिल्ह्यात जन्मले, त्या जिल्ह्यात आपण हे पाठ एक फूटही चित्रफीत न दाखवता शिकवतो आणि टीपा लिहून देतो. मुलं त्या पाठ करतात आणि चार गुण मिळवतात. पडद्यावर जुनं काही दिसलं की त्याकडे कसं बघायचं, हे मात्र त्यांना कोणीच शिकवत नाही. घरी मोबाइलवर ती रोज दहा 'इतिहास' बघतात.

म्हणून माझं म्हणणं: माहितीपट मुख्य तासातच हवा, पण अख्खा नको. विठ्ठलभाई झवेरींचा १९६८ चा 'महात्मा' पाच तासांहून मोठा आहे. तो वर्गात कोण दाखवणार? मी त्यातला दांडीयात्रेचा पाच-सात मिनिटांचा तुकडा घेते आणि आधी आवाज पूर्ण बंद ठेवते. मुलांनी फक्त दिसतं ते वहीत लिहायचं. कोण चालतंय, कोणाच्या हातात काय आहे, रस्त्याच्या कडेला कोण उभं आहे. मग तोच तुकडा आवाजासकट. आता प्रश्न एकच: निवेदकाचं कोणतं वाक्य चित्रात दिसत नाही? तिथे वर्ग जागा होतो. मागच्या बाकावरचं पोरगंही हात वर करतं, कारण यात पाठांतराचा काही संबंध नसतो.

त्यानंतर मी फळ्यावर दोन तारखा लिहिते. १२ मार्च १९३०, साबरमतीहून यात्रा निघाली. २ मार्च १९३०, आपल्या पंचवटीत काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली, आणि इथली आघाडी सांभाळली दादासाहेब गायकवाडांनी. दहा दिवसांचं अंतर. एका घटनेमागे जगभरचे कॅमेरे होते, दुसरी आपल्याच गावच्या कित्येक मुलांना माहीत नसते. कॅमेरा कुठे गेला आणि कुठे गेला नाही, हासुद्धा इतिहासच आहे, आणि तो नुसत्या पुस्तकातून शिकवता येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

पंचवटीकर_मास्तर:
बाई, तुमची कळकळ कळते, पण मी विरोधात आहे. तुमचा तास वर्षातून एकदा चांगला होईल. बाकी शाळांत काय होतं ते आपण दोघंही जाणतो. पडदा लावला जातो, दिवे बंद होतात आणि शिक्षक मागे बसून वह्या तपासतो. त्याचाही दोष नाही. निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, माहिती भरणं, यातून त्याला तेवढाच वेळ सापडतो. जे साधन हातात घेतलं की शिक्षक आपसूक मागे सरकतो, ते साधन मला धोक्याचं वाटतं.

दुसरं म्हणजे आपल्या गावाला पडद्याची गरजच काय? पांडवलेणीला जा. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला. त्यात ती आपल्या मुलाला, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीला, क्षहरात वंशाचा उच्छेद करणारा म्हणते. दहाव्या लेण्यात त्याच क्षहरात वंशातल्या नहपान राजाचा जावई उषवदात याची दानं कोरलेली आहेत. म्हणजे हरलेला आणि जिंकलेला एकाच डोंगरावर, काही पावलांच्या अंतरावर. मुलांना विचारा, आईने मुलाची केलेली स्तुती किती खरी मानायची? मग जोगलटेंभीची गोष्ट सांगा. सिन्नर तालुक्यात, दारणा-गोदावरीच्या संगमावर १९०६ साली नहपानाच्या तेरा हजारांहून जास्त चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला आणि त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला निघाला. आईचं म्हणणं नाण्यांनी खरं ठरवलं. पुरावा पुराव्याशी कसा ताडून बघायचा, हे इतक्या स्वच्छपणे कुठला माहितीपट शिकवेल? अंजनेरीला नाणकशास्त्र संस्थेचं संग्रहालय आहे, तिथे जुनी नाणी हातभर अंतरावरून बघता येतात.

आणि वाचन. तासाची पस्तीस मिनिटं. पडदा आला की वाचन जातं. आठवीतल्या मुलाला सलग एक परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगा, मग माझी काळजी कळेल.

सुरगाणा_रोड:
मास्तर, पांडवलेणी तुमच्यापासून तासाभरावर आहे. मी आश्रमशाळेत आहे. आम्हाला सहल काढायची तर परवानगी, गाडी, पैसे आणि जाऊन-येऊन अख्खा दिवस. वर्षात एक सहल झाली तर झाली. माझ्या मुलांनी समुद्र पाहिलेला नाही, दांडीचं मीठ म्हणजे काय ते पुस्तकातल्या चौकटीवरून कसं कळणार? त्या सात मिनिटांत त्यांना निदान किनारा तरी दिसतो.

पावसाळ्यात वीज दिवसेंदिवस नसते, म्हणून मी चित्रफीत घरी असतानाच उतरवून ठेवतो. खरी अडचण भाषेची. निवेदन हिंदी नाहीतर इंग्रजी. माझी मुलं घरी कोकणा बोलतात, त्यांच्यासाठी मराठीच दुसरी भाषा. म्हणून मीही आवाज बंद करतो आणि स्वतः बोलतो. बाईंसारखा विचार करून नव्हे, गरज म्हणून. पण त्यामुळे मास्तर म्हणतात तसा मी मागे सरकत नाही. उलट सबंध वेळ पडद्याशेजारी उभं राहावं लागतं.

मला खुपतं ते वेगळं. आमच्या मुलांचा इतिहास यात कुठेच नाही. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या राघोजी भांगऱ्यांना १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. हा आमच्या डोंगरांतला लढा. दांडीच्या वेळी कॅमेरे होते म्हणून दांडी दिसते. ज्या काळी कॅमेराच नव्हता आणि ज्यांच्याकडे लिहिणारेही नव्हते, त्यांचं काय दाखवायचं?

रामशेज_वाट:
शेवटचा प्रश्न कळीचा आहे आणि तिथेच माझा विरोध सुरू होतो. मी इतिहासात एम.ए. करतोय. छायाचित्रणाआधीच्या काळाचा 'माहितीपट' म्हणून जे हलतं चित्र दिसतं, ते सगळं आज बनवलेलं असतं. भाड्याच्या तलवारी, ड्रोन, संगणकावर उभी केलेली फौज, वर ढोलताशे. लेणी, नाणी, कागद सोडले तर त्यात अस्सल काही नसतं. शिवकाळ शिकवताना हे वर्गात आणायचं म्हणजे कादंबरीला संदर्भग्रंथ म्हणण्यासारखं आहे.

आपल्या दिंडोरी रस्त्यावरचा रामशेजच घ्या. १६८२ मध्ये मुघलांनी वेढा घातला आणि छोटा किल्ला काही वर्षं झुंजला, इथवर वाद नाही. पण मोबाइलवरचे व्हिडिओ बघा. वेढा कोणी पाच वर्षांचा सांगतं, कोणी साडेसहा, किल्लेदाराचं नाव दर व्हिडिओत वेगळं, आणि सगळे सारख्याच ठाम आवाजात. लाकडी तोफांची गोष्ट तर सगळेच दाखवतात. ती आली खाफीखान या इतिहासकाराकडून. किल्ल्यात लोखंडी तोफा नव्हत्या, म्हणून झाडांची खोडं पोखरून त्यांचा तोफांसारखा वापर केला, असं तो लिहितो. खाफीखान मुघलांच्या बाजूचा, आणि त्याचा ग्रंथ पुरा झाला तो वेढ्यानंतर कित्येक दशकांनी. शत्रुपक्षाचा माणूस अशी तारीफ का करतो, आपल्या सरदारांचं अपयश झाकायला की खरोखर थक्क होऊन? हा प्रश्न मुलांना विचारावा असा आहे. व्हिडिओत मात्र खाफीखानाचं नावही नसतं. तोफ धडाडते आणि दृश्य बदलतं.

माझं सांगणं: चित्रफीत वापरायचीच तर विसाव्या शतकापुरती. त्याआधीच्या काळासाठी वर्गात पडदा नकोच.

दहावीची_आई:
मुलीच्या काळजीने विचारते. इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर ४० गुणांचा. अभ्यासक्रम जानेवारीपर्यंत कसाबसा संपतो. दांडीयात्रा दोनदा बघून पेपरात काय लिहायचं? आणि असे चित्रपट शाळेत दाखवायला परवानगी लागत नाही का?

सुरगाणा_रोड:
ताई, कायद्याचं तेवढं सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थेच्या कामकाजाचा भाग म्हणून चित्रफीत दाखवायला मुभा आहे. प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी थेट संबंधित माणसं एवढेच असले पाहिजेत. गावाला बोलावून तिकीट लावता येणार नाही.

गोदाकाठची_बाई:
ताई, गुणांचं म्हणाल तर उतारा वाचून उत्तरं लिहा, कारणे द्या, आपले मत लिहा, हे प्रश्न पेपरात असतातच. आवाज बंद करून पाहिलेल्या तुकड्यावर ज्या मुलीने स्वतःची पाच वाक्यं लिहिली, तिला 'आपले मत' लिहायला गाइड लागत नाही. अभ्यासक्रम मागे पडतो हे खरं. म्हणून वर्षभरात मोजकेच तुकडे घ्यायचे. रोज नाही.

रामशेज_वाट, तुमचा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटला. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. विद्यार्थ्यांना इतिहासाचा मजकूर वाचायला दिला आणि त्याच विषयावरच्या चित्रपटांचे तुकडे दाखवले. ते माहितीपट नव्हते, गाजलेले कथापट होते. मजकूर आणि चित्र जुळत होतं तिथे लक्षात राहणं चांगलंच वाढलं. जिथे चित्रात चूक होती, तिथे बरोबर मजकूर वाचूनही अनेकांनी चित्रातलीच चूक लिहिली, तीही खात्रीने. "चित्रपटात चुका असू शकतात" अशा मोघम सूचनेचा फारसा उपयोग झाला नाही. नेमकी कोणती गोष्ट चुकीची आहे हे आधी सांगितलं, तेव्हा फरक पडला.

यावरून तुम्ही म्हणाल, मग दाखवूच नका. मी उलटा निष्कर्ष काढते. घरी ती हे बघणारच आहेत, तिथे थांबवून सांगणारं कोणी नाही. वर्गात मी आहे. पहिल्या महायुद्धातल्या लढाईवरच्या, १९१६ च्या 'बॅटल ऑफ द सोम' या ब्रिटिश चित्रपटात सैनिक खंदकातून वर चढतात आणि एक जण तिथेच कोसळतो. लढाई चालू असतानाच लाखो लोकांनी ते थिएटरात पाहिलं. तेवढं दृश्य आघाडीच्या मागे, प्रशिक्षणाच्या जागी घडवून घेतलेलं होतं. बाकी बरंचसं चित्रण खरं. म्हणजे विसाव्या शतकाची अस्सल चित्रफीतही सरसकट विश्वासाची नाही. तुमची काळाची रेघ मला म्हणूनच पुरेशी वाटत नाही.

रामशेज_वाट:
बाई, सोमचं तुम्हाला कळलं, कारण तिकडच्या संग्रहालयाने त्या चित्रपटाचा फ्रेम न् फ्रेम अभ्यास करून ते जाहीर केलं. आपल्याकडे रामशेजच्या व्हिडिओतलं काय खरं हे कोण सांगतंय? नेमकी सूचना द्यायची तर शिक्षकाला आधी नेमकं माहीत हवं. दिंडोरीच्या एखाद्या शाळेत इतिहास शिकवणारा बहुधा भाषेचाही शिक्षक असतो. त्याने खाफीखान कुठून आणायचा?

पंचवटीकर_मास्तर:
अगदी हेच. आणि बाई, तुमच्या पद्धतीत मला पटतं ते आवाज बंद करणं. पण त्याआधी वाचन हवं. आधी पान, मग पडदा. मुलांनी मूळ उतारा वाचलेला असेल तरच निवेदकाला अडवायची ताकद त्यांच्यात येते. त्याशिवाय सात मिनिटंसुद्धा मी देणार नाही.

गोदाकाठची_बाई:
'आधी पान' मान्य. रामशेज_वाट, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे एकच उत्तर आहे: ते काम आपणच करायचं. एका तुकड्यामागे दोन पानांचं टिपण. कोणी बनवलं, कधी, कोणाच्या पैशाने, कोणतं दृश्य अस्सल, कोणतं घडवलेलं, कोणत्या मिनिटाला थांबवायचं आणि त्याआधी कोणता उतारा वाचायचा. दांडीचं मी लिहिते. रामशेजचा सगळ्यात जास्त पाहिला जाणारा व्हिडिओ तुम्ही निवडा आणि शेजारी खाफीखानाचा उतारा मराठीत द्या. दिंडोरीच्या त्या शिक्षकाला तेवढं पुरेल.

रामशेज_वाट:
लिहितो. पण त्यात वेढ्याच्या वर्षांबद्दल एकच आकडा देणार नाही. कोणत्या साधनात काय आहे ते लिहीन, मुलांनी ठरवावं. आणि शिवकाळ पडद्यावर नको, हे माझं मत अजून तसंच आहे.

सुरगाणा_रोड:
टिपणं सोप्या मराठीत आणि छापून द्या, लिंक नको. राघोजी भांगऱ्यांवर चित्रफीत नसेल तर नसू दे. त्यांची गाणी अजून म्हणणारी म्हातारी माणसं आमच्याकडे आहेत. दिवाळीच्या सुट्टीत नववीच्या मुलांकडून ती मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतो. गाण्यात सांगितलेलं आणि कागदांत सापडणारं कुठे जुळतं, कुठे नाही, ते मास्तर, तुम्हीच बघून द्या.

पंचवटीकर_मास्तर:
पाठवा. ऐकतो आणि ठाणे गॅझेटिअरमध्ये काय सापडतं तेही बघतो.