फोर्टचा तट पाडला म्हणून मुंबई वाढली, मग आता जुन्या इमारतींना हात का लावायचा नाही?

लोकलवाला:
रोज चर्चगेटला उतरतो, गेट काही दिसत नाही. सेंट थॉमस चर्चकडे जाणारा किल्ल्याचा दरवाजा तो. १८६०च्या दशकात, बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना, तटासकट गेला. कापसाच्या तेजीचा पैसा खेळत होता, जागा मोकळी झाली, मग हायकोर्ट, विद्यापीठ, राजाबाई टॉवर उभे राहिले. ज्याला वारसा म्हणतो तो पाडापाडीतूनच आला की! आणि आज १९९५पासून आलेल्या वारसा-इमारतींच्या नियमांपायी खिडकी बदलायची तरी कागद नाचवायचे. कंपन्या बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, जाणारच.

काळाघोडा_पायी:
पाडला तो तट, ज्याचं लष्करी काम केव्हाच संपलं होतं. आणि नंतर काय मोकाट बांधू दिलं? हॉर्निमन सर्कलला जाऊन उभे राहा. अर्धगोलात एकाच घाटाच्या दर्शनी भिंती, खाली कमानींतून सावलीत चालत जा. मालक वेगवेगळे, पण कमान सगळ्यांना सारखी. तेही नियमानंच झालं ना?

पागडी_तिसरा_मजला:
दोघेही रस्त्यावरून बघताय, एकदा आमच्या जुन्या भाड्याच्या इमारतीचा जिना चढा. लाकडी पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्यात, कठडा तुटला तिथे दोरी बांधलीय. १९४७च्या कायद्यानं भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. नंतर कायदा बदलला, भाडं नावापुरतं वाढलं. त्यात मालक पायरी तरी बदलेल का? एस्प्लनेड मॅन्शनचं तेच झालं. एकेकाळचं वॉटसन हॉटेल, इंग्लंडहून आणलेला बिडाचा सांगाडा, १८९६ साली फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं तिथेच दाखवली. २००५मध्ये दर्शनी बाजूचा काही भाग कोसळला. वारसा म्हणून पाडायची नाही, आणि दुरुस्तीला पैसा नाही.

लोकलवाला:
मग माझंच म्हणणं खरं ठरलं. पाडा आणि टॉवर बांधा.

काळाघोडा_पायी:
अहो, ते सांगतायत भाड्याचं, तुम्ही ऐकताय टॉवरचं! नव्याला कोणी अडवलंय? १८६४चं फ्लोरा फाउंटन जागच्या जागी ठेवून शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक झालं. आता त्याच चौकाखालून मेट्रो धावते. भाडं बाजाराप्रमाणे घेऊ द्या, दुरुस्ती मालकाच्या गळ्यात घाला.

पागडी_तिसरा_मजला:
बाजारभावानं? मग त्या दुरुस्त जिन्यावरून आधी आमचंच कपाट खाली उतरेल. दोरी बरी आहे.