शब्दचर्चा: ‘स्केल’ म्हणजे जिना, वाटी की टरफल?

प्रश्न: भाषांतर करताना ‘स्केल’ आला की हात अडतो. नकाशाचं प्रमाण, माशाचे खवले, वजनकाटा, बॉयलरमधला थर, पगाराची श्रेणी! एकाच शब्दाला इतके अर्थ कसे, आणि नेमका मराठी शब्द निवडायचा कसा?

उत्तर: मुळात हा एक शब्द नाहीच. सारखे दिसणारे तीन शब्द आहेत. पहिला लॅटिन ‘स्काला’वरून आला, म्हणजे शिडी, जिना. दुसरा जुन्या नॉर्समधल्या ‘स्काल’वरून, म्हणजे वाटी. तिसरा जुन्या फ्रेंचमधून, अर्थ टरफल किंवा कवच. वाक्य समोर आलं की आधी बघा: इथे पायऱ्या आहेत, पारडं आहे, की सुटून निघणारा पापुद्रा?

वाटीचा अर्थ सोपा. तराजूला दोन पारडी, म्हणून इंग्रजीत तो बहुधा अनेकवचनी ‘स्केल्स’. मराठीत तराजू, तागडी किंवा वजनकाटा.

जिन्याच्या घरात मात्र गर्दी आहे. वेतनश्रेणी, नकाशाचं प्रमाण, भिंत ‘स्केल’ करणं म्हणजे चढून जाणं, सगळे तिथलेच. भूकंपाचा ‘रिश्टर स्केल’ही तिथलाच. ते उपकरण नव्हे, १९३५ सालची मोजश्रेणी आहे. उपकरण म्हणजे भूकंपमापक. या श्रेणीची एक पायरी चढली की कंपनांचा आयाम, म्हणजे हेलकाव्याचा आकार, १० पट होतो आणि ऊर्जा साधारण ३२ पट.

पुरवणी, नकाशांबद्दल: ‘लार्ज स्केल मॅप’ म्हणजे मोठ्या प्रदेशाचा नकाशा, ही चूक सर्रास होते. अर्थ नेमका उलटा आहे. १:२,५०० मध्ये १ सेंमी म्हणजे २५ मीटर; १:५०,००० मध्ये १ सेंमी म्हणजे ५०० मीटर. अपूर्णांक म्हणून बघा: १/२,५०० मोठा, म्हणून तो बृहद्प्रमाण नकाशा. त्यात प्रदेश थोडा, तपशील भरपूर. शिवाय १:५०,००० चा नकाशा झेरॉक्सवर निम्मा केला की छापलेलं अंकप्रमाण खोटं ठरतं, कारण तो आता १:१,००,००० झाला. रेषाप्रमाण, म्हणजे नकाशावर आखलेली मापाची रेघ, नकाशाबरोबरच आक्रसतं, म्हणून खरं राहतं.

टरफलाच्या घराबद्दल: खवले आणि क्षारांचा थर इथे येतात. गोंधळ ‘स्केलिंग’चा आहे. बॉयलरचं स्केलिंग म्हणजे थर साचणं; दातांचं स्केलिंग म्हणजे साचलेलं कीटण काढणं. म्हणून बॉयलरच्या माहितीपत्रकात ‘स्केलिंग टाळा’ असेल तर ‘थर साचू देऊ नका’ असंच लिहा. थर काढण्याला तिथे ‘डीस्केलिंग’ म्हणतात. तापवून लाटलेल्या पोलादावरची निळसर काळी ‘मिल स्केल’ हाही पापुद्राच. ती न काढता रंग दिला तर पुढे ती सुटते आणि रंगही सोबत घेऊन जाते. तिला ‘गंज’ म्हणू नका. ती ऑक्साइडची असली तरी गंजापेक्षा वेगळी.

आणखी एक, ‘पट्टी’बद्दल: रेघा मारायची स्केल आणि गाण्याची स्केल, दोन्हींना मराठीत ‘पट्टी’ हा एकच शब्द चालतो, हे मला फार आवडतं. पण इंग्रजीत लिहिताना जपा. रेघा मारायच्या पट्टीला तिथे ‘रूलर’ म्हणतात. नुसतं ‘स्केल’ म्हटलं तर समोरचा वजनकाटा आणून देईल. ‘तुमची स्केल कोणती?’ या प्रश्नात आपण षड्ज विचारतो, काळी एक की पांढरी चार. इंग्रजीत त्यासाठी ‘की’ किंवा ‘पिच’. तिथे ‘स्केल’ म्हणजे क्रमाने चढत-उतरत जाणारे स्वर.

प्रश्न: मग आकृतीखालच्या ‘नॉट टु स्केल’चं काय करायचं? ‘आकृती प्रमाणबद्ध नाही’ चालेल?

उत्तर: नको. ‘प्रमाणबद्ध’ म्हणजे सुडौल. वाचणाऱ्याला वाटेल आकृती बेढब आहे. ‘आकृती प्रमाणात काढलेली नाही’ असं लिहा. कारखान्यासाठी असेल तर पुढे जोडा: ‘पट्टीने मोजू नये, लिहिलेली मापे धरावीत.’