'पी/ई'मधल्या 'ई'ला मराठीत काय म्हणावे?

अनुवादिनी: नवख्या गुंतवणूकदारांसाठीच्या एका पुस्तिकेचे मराठीकरण करताना मी 'पी/ई'साठी ('प्राइस/अर्निंग्ज', म्हणजे समभागाच्या भावाला प्रतिसमभाग निव्वळ नफ्याने भागून येणारा आकडा) सर्वत्र 'किंमत-उत्पन्न गुणोत्तर' असे लिहिले होते, त्यावर मजकूर तपासणाऱ्या लेखापालांनी हरकत घेतली आहे. नफा-तोटा पत्रकात 'उत्पन्न' म्हणजे खर्च वजा जाण्यापूर्वीचा आकडा. समभागाचा भाव ६०० रुपये, प्रतिसमभाग निव्वळ नफा ३० रुपये आणि प्रतिसमभाग उत्पन्न ३०० रुपये असेल, तर गुणोत्तर २० यायला हवे. माझ्या शब्दावर विसंबलेला वाचक मात्र २ काढील आणि कंपनी मातीमोल मिळते आहे असे समजेल. दुसरा शब्द कोणता वापरावा?

पेठेतला: 'मिळकत' म्हणणार होतो, पण पुण्यात मिळकत म्हणजे घरदार, आणि महापालिका कर घेते तो त्याच मिळकतीवर. 'कमाई' चालेल, जरी छापील मजकुरात तो शब्द थोडा सैल वाटतो.

शब्दनिष्ठ: 'लाभ' हा निर्दोष संस्कृत शब्द हाताशी असताना ही शोधाशोध कशासाठी, हे कळत नाही.

मुनीमजी: कारण त्याच्या शेजारी 'लाभांश' बसलेला आहे. तीस रुपये नफा झाला तरी कंपनी त्यातले पाचच रुपये वाटू शकते, आणि नवखा माणूस लाभ व लाभांश यांची हमखास गल्लत करतो. 'नफा' मुळात अरबी असला, तरी तो मराठीत किती पिढ्या नांदतो आहे? आणि खरा घोळ 'ई'मध्ये नसून 'पी'मध्ये आहे. 'किंमत' आणि 'मूल्य' हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. एल्सिड इन्व्हेस्टमेंट्सचा समभाग ३ रुपये ५३ पैशांवर पडून होता, वास्तविक त्या कंपनीपाशी एशियन पेंट्सचे इतके समभाग होते, की प्रत्येक समभागामागे काही लाख रुपयांची मत्ता निघत होती. त्या भावाने विकणारा कोणी नव्हता आणि रोजच्या चढउताराला मर्यादा असल्याने भावही सरकत नव्हता. मुंबई शेअर बाजाराच्या विनामर्यादा विशेष लिलावात त्याचा भाव २,२५,००० रुपये ठरला आणि २९ ऑक्टोबर २०२४ रोजी तो २,३६,२५० रुपयांवर गेला. त्या दिवशी भाव बदलला, मूल्य होते तेवढेच राहिले.

शब्दनिष्ठ: मग 'भाव' हाच शब्द योग्य. 'भू' म्हणजे असणे, त्यावरून 'भाव', म्हणजे आज जे आहे ते.

पेठेतला: मला तर भाव म्हणजे बाजाराच्या मनातला भाव, अशीच व्युत्पत्ती पटते.

कापूसवाली: दोन्ही व्युत्पत्त्या रंजक आहेत, पण त्या लिलावाला वृत्तपत्रांनी 'किंमत शोध' ('प्राइस डिस्कव्हरी'चा शब्दशः अनुवाद) म्हटले, त्याचे मला जास्त नवल वाटते. आमच्या विदर्भात हंगामाचा पहिला दर ठरला, की 'कापसाचा भाव फुटला' म्हणतात. एल्सिडचा त्या दिवशी भाव फुटला, एवढे पुरे होते.

अनुवादिनी: शहरी वाचकाला 'फुटला' म्हणजे कोसळला असे वाटेल, ही माझी अडचण आहे.

कापूसवाली: वाटले तर तळटीप द्या. शेतकऱ्याला कळणारा शब्द केवळ डिमॅट खातेदाराला कळत नाही म्हणून टाकून द्यायचा, हे मला मान्य नाही.

मुनीमजी: तळटीप द्यायचीच असेल, तर आधी 'महाग' या शब्दाला द्यावी. जून २०२३ मध्ये एमआरएफचा समभाग एक लाख रुपयांवर गेला, तेव्हा तो देशातला सर्वांत महाग समभाग असल्याचे सगळीकडे छापून आले. एमआरएफचे समभाग अवघे सुमारे ४२ लाख, म्हणजे सबंध कंपनीचे बाजारमूल्य ४२ हजार कोटींच्या आसपास होते. स्टेट बँकेचा समभाग सहाशेच्याही आत होता, परंतु समभाग सुमारे ८९२ कोटी असल्याने बाजारमूल्य पाच लाख कोटींच्या घरात जात होते. समभागाचा आकडा मोठा असला, तर त्याला 'चढा भाव' म्हणावे. 'महाग' हे विशेषण नफ्याशी ताडून पाहिल्यानंतरच लावावे.

शब्दनिष्ठ: आपण स्वतःच 'बाजारमूल्य' लिहिलेत. तो भाव आणि समभागांची संख्या यांचा गुणाकार आहे, तेव्हा आपल्याच न्यायाने तो शब्द 'एकूण बाजारभाव' असा हवा.

मुनीमजी: तो शब्द रूढ आहे.

शब्दनिष्ठ: 'उत्पन्न'ही रूढच होता.