रोमिओ-ज्युलिएटमध्ये दोघांच्या उपमा एकसारख्याच आहेत का?

बिंदुसराकाठ (बीड):
बीए सेकंड इयरला आहे, शेक्सपिअरचं रोमिओ अँड ज्युलिएट लागलंय. गाईडमध्ये नुसती यादी दिलीय, ज्युलिएट म्हणजे सूर्य, डोळे म्हणजे तारे, ओठ म्हणजे यात्रेकरू, अन् खाली एक ओळ की यातून प्रेमाची उत्कटता दिसते. एवढ्यावर मोठं उत्तर कसं लिहायचं? मला तर वाचताना वाटायलंय की ती त्याच्यासारखं बोलतच नाही. बरोबर आहे का, सांगा कोणीतरी प्लीज

मांजरेचा_पोरगा (लातूर):
एकदम बरोबर पकडलंय तुम्ही. दुसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश काढा, रोमिओ खाली अंधारात उभा, ज्युलिएट वर बाल्कनीत, अन् हा म्हणतो पूर्व उजळली, ज्युलिएट सूर्य आहे, उगव अन् त्या जळक्या चंद्राला मारून टाक. पुढं तर आकाशातले दोन तारे कामानिमित्त बाहेर चाललेत अन् तिच्या डोळ्यांना विनवायलेत, आम्ही येईपर्यंत आमच्या जागी चमका म्हणून. लई सुंदर आहे, पण हाच पोरगा पहिल्या अंकात रोझलाईनपायी, म्हणजे ज्युलिएटच्या आधी जिच्यावर मरायचा तिच्यापायी, थंड आग, उसाशांचा धूर असलंच बोलत होता, ते पाठ केल्यासारखं वाटतं. ज्युलिएट त्याला अडवते. चंद्राची शपथ नको म्हणते, तो महिनाभर रूप बदलतो, तुझं प्रेमही तसंच निघायचं. हे सगळं विजेसारखं अचानक झालंय असंही तीच म्हणते, अजून चौदाही पूर्ण नाहीत तिला!

शिकवणारी_ताई (अंबाजोगाई):
वरचं उत्तर छान आहे, पण मला या नाटकात सगळ्यात जास्त छळतं ते वेगळंच. यातल्या उपमा पुढं खऱ्या होतात. बाल्कनीत ज्युलिएट म्हणते, ही प्रेमाची कळी उन्हाळ्याच्या वाऱ्यानं पुढच्या भेटीपर्यंत फूल होईल. चौथ्या अंकात ती निपचित पडलेली बघून बाप म्हणतो, रानातल्या सगळ्यात गोड फुलावर अवेळी हिम पडलं. आपल्याकडं मोहरावर गारपीट होते ना, तसं. बापानं कळीचं बोलणं ऐकलेलंच नाही, तरी वाक्य त्यालाच जोडलं जातं.

तिसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश पण सोडू नकोस. ती रात्रीला म्हणते, माझा रोमिओ मला दे, अन् मरणानंतर त्याचे बारीक बारीक तारे कर, मग जग त्या दिमाखदार सूर्याला पुजायचंच सोडेल. त्यानं हिला सूर्य म्हटलं, हिला मात्र रात्रच हवीय, भेट होणार ती रात्रीच. अन् तिकडं तोवर रोमिओच्या हातून तिचा चुलत-मामेभाऊ टिबॉल्ट मेलाय, रोमिओ हद्दपार झालाय, हिला पत्ताच नाही. शेवटी व्हेरोनाचा राजा म्हणतो, दुःखानं आज सूर्य तोंड दाखवणार नाही.

बिंदुसराकाठ (बीड):
बापरे, हे गाईडमध्ये कुठंच नाही. थँक्यू ताई. मग ते यात्रेकरूचं कुठं बसवू?

मांजरेचा_पोरगा (लातूर):
तिथूनच सुरू करा. पहिल्या भेटीत दोघं मिळून सॉनेट, म्हणजे चौदा ओळींची यमकबद्ध कविता, बोलतात. तो म्हणतो माझे ओठ यात्रेकरू, ती लगेच तेच रूपक उचलून वळवते की यात्रेकरूंचं चुंबन म्हणजे तळव्याला तळवा, ओठ प्रार्थनेसाठी असतात. म्हणजे पहिल्या मिनिटापासून ती त्याच्या तोडीस तोड आहे. मग बाल्कनी, मग ताईंनी सांगितलेला तिसरा अंक. ओळी मूळ इंग्रजीतच कोट करा अन् प्रत्येकीला अंक-प्रवेश टाका.