हौशी मासेमारीसाठी बोट घेताना सगळ्यात आधी काय पाहायचं? (अनुभव धागा)

गळ टाकून बसायची हौस जुनी, पण आजवर ती काठावरून नाहीतर दुसऱ्याच्या बोटीतून भागवली. आता स्वतःची घ्यायचं ठरवलंय. गेले चार महिने माहितीपत्रकं चाळतोय आणि दर आठवड्याला मत बदलतंय. कधी लांबी महत्त्वाची वाटते, कधी इंजिन, कधी सगळं फायबर की अॅल्युमिनियम यावर येऊन अडतं. विकणारा प्रत्येक जण त्याच्याकडे जे आहे तेच कसं हवं हे पटवून देतो, आणि मला दर वेळी पटतंही.

म्हणून हा धागा. ज्यांनी बोट घेतली, वापरली, विकली, पस्तावले, त्यांनी लिहा. घेताना काय महत्त्वाचं वाटलं होतं आणि नंतर काय ठरलं, दोन्ही लिहा. धंद्याच्या मासेमारीचं नको. सुट्टीच्या दिवशी दोघं-तिघं जाऊन गळ टाकणाऱ्यांचं हवं.

* * *

माझी चूक आधी सांगतो. बोट चालवून पाहिली त्या दिवशी वारा होता, पाणी चांगलंच खवळलं होतं. विकणाऱ्याने मुद्दामच तो दिवस निवडला असावा. बोट लाटा अशी चिरत गेली की मी तिथल्या तिथे हो म्हटलं. पहिल्या सुट्टीला माशांच्या जागेवर पोचलो, इंजिन बंद केलं आणि बोट डुलायला लागली. दोघं एका बाजूला गेले की तिकडे कलायची, परत आले की दुसरीकडे. मेहुणा अर्ध्या तासात काठावर डोकं टेकून बसला. त्या दिवशी माशांना आमिष त्यानेच पुरवलं.

तिचा तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा खोल होता, आणि खोल व्ही तळाचा स्वभावच तो. मागच्या टोकालाही तळाला 20 ते 24 अंशांचा उतार असतो, त्यामुळे बोट लाटेवर आपटत नाही. 1960 साली मायामी ते नॅसॉ शर्यतीत रे हंट यांच्या आराखड्याची अशीच बोट खवळलेल्या समुद्रातून पहिली आली आणि या तळाचं नाव झालं. पण मी कुठे शर्यतीत उतरलो होतो? नंतर हिशेब मांडला. सहा तासांच्या फेरीत आम्ही पळालो जेमतेम एक तास. उरलेले पाच तास नांगर टाकून, नाहीतर वाऱ्यावर वाहत. बोट मात्र मी त्या एका तासासाठी घेतली होती. शिवाय असा तळ पाण्यावर उचलायला इंजिनही मोठं लागतं, ते पेट्रोल पितं, ते वेगळंच.

दुसरी घेतली तिचा उतार 14 अंशांच्या आसपास आहे आणि रुंदी जास्त. लाटांत पाठ शेकते, कबूल. वेग कमी केला की निभावतं. आता कुणाबरोबर बोट बघायला गेलो की मी इंजिन बंद करायला लावतो, बोट लाटांना आडवी होऊ देतो आणि पंधरा मिनिटं काही न बोलता उभा राहतो. विकणारा चुळबुळतो. चुळबुळू दे.

* * *

वरचं वाचून “मग सरळ सपाट तळ घ्या” असं कुणी लिहायच्या आत लिहितो. माझी सपाट तळाची आहे. वीतभर पाण्यात जाते, लव्हाळ्यात शिरते, उभं राहून गरवत बसा, हलत नाही. एकदा हौसेने खाडीच्या मुखाशी नेली. ओहोटीचा ओघ एकीकडे, वारा त्याच्या विरुद्ध. पाणी तळावर असं थाडथाड बसत होतं की दातावर दात आपटत होते. तीन किलोमीटर परत यायला दीड तास लागला.

आधी पाणी ठरवा, मग तळ. तेही दर आठवड्याला ज्या पाण्यात जाणार ते. वर्षातून दोनदा जिथे जाणार तिथे मित्राच्या बोटीत बसा.

* * *

मी एकटीच जाते, त्यामुळे माझं गणित वेगळं. आधीची बोट 18 फुटी फायबरची. देखणी होती, पाण्यावर उत्तम होती, पण ट्रेलरवरून उतरवायला दुसरं माणूस लागायचं. “येतेस का गं?” म्हणून मैत्रिणीला विचारायचं, तिला वेळ नसला की बेत रद्द. वर्षभरात पाच वेळा पाण्यात गेली. बाकी दिवस ताडपत्रीखाली.

माहितीपत्रकात वजन लिहितात ते बहुतेकदा नुसत्या बोटीचं. त्यावर इंजिन, बॅटरी, नांगर आणि दोर, पाणी, सामान आणि ट्रेलरचं स्वतःचं वजन चढवा. 60 लिटर पेट्रोलच साधारण 45 किलो भरतं. मी हे सगळं कागदावर मांडलं तेव्हा कळलं की माझी गाडी इतके दिवस तिच्या ताकदीबाहेर ओढत होती. चढावर वास का यायचा त्याचाही उलगडा झाला.

आता 14 फुटी अॅल्युमिनियमची आहे. हाताने चालवायचं छोटं इंजिन. पोचल्यापासून वीस मिनिटांत मी पाण्यात. दिसायला पत्र्याचा डबा, आणि डबा खाली ठेवला तरी ढोलासारखी वाजते, म्हणून आत रबरी चटई अंथरली आहे. पण मागच्या वर्षी तीसएक वेळा गेले.

एक गोष्ट मात्र इथे लिहूनच ठेवते. ट्रेलरची चाकं पाण्यात घालायच्या आधी मधल्या तुंब्याला हात लावून बघा. लांबून आल्यावर तो तापलेला असतो. तसाच गार पाण्यात बुडवला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी बेअरिंगमध्ये ओढलं जातं. माझं बेअरिंग असंच गेलं, भर रस्त्यात, रात्री. हाताला कोमट लागेपर्यंत थांबते. तोवर गळ बांधून होतात.

* * *

जुनी घेणार असाल तर माझं ऐका. फायबरची, दहा वर्षांची, वरून आरशासारखी चकचकीत. मी रंग पाहिला, खुर्च्यांची शिवण पाहिली, मासे शोधायच्या यंत्राचा पडदा केवढा मोठा ते पाहिलं. जिथे इंजिन लटकतं ती मागची भिंत, म्हणजे ट्रान्सम, तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

दुसऱ्या मोसमात त्या यंत्राचा सेन्सर बदलायला बसलो. आधीच्या मालकाने तो दोन स्क्रूंनी ट्रान्समवर ठोकला होता. पहिला स्क्रू सोडवला तर तो फिरलाच नाही, नुसता बोटांनी बाहेर आला, शेवया चिकटाव्यात तसे ओल्या लाकडाचे धागे घेऊन. मग त्या भोकातून चहाच्या रंगाचं पाणी ठिबकायला लागलं. बोट तीन आठवडे कोरड्यात उभी होती, तरी ठिबकत होतं. जमिनीवर डाग पडला तो मी कितीतरी वेळ बघत बसलो.

फायबरच्या बऱ्याच बोटींत ट्रान्समच्या पोटात प्लायवूड असतं. भोक पाडताना सीलंट भरलं नाही की पाणी आत शिरतं आणि लाकूड आतल्या आत कुजतं. वरच्या चकचकीत थरावर काही दिसत नाही. आतलं सगळं लाकूड काढून नवं भरावं लागलं. अख्खा मोसम त्यात गेला आणि बायकोने “हौसेला मोल नसतं” हे वाक्य किती वेळा ऐकवलं ते मोजलेलं नाही.

बघायचं कसं? प्लॅस्टिकच्या हातोडीने ट्रान्सम वीत-वीत अंतरावर ठोकत जा. टणक, कोरडा आवाज आला तर ठीक, बद्द आला तर तिथे थांबा. मग इंजिन तिरपं वर उचला, खालच्या टोकावर हाताने भार द्या आणि दुसऱ्याला ट्रान्समकडे बघायला सांगा. भिंत किंचितही लवली किंवा बोल्टांपाशी केसासारख्या चिरा दिसल्या तर नमस्कार करून निघा. डेकवरही टाचेने दाबत चाला. कुठे मऊ लागलं तर तेच दुखणं.

अॅल्युमिनियमवाल्यांनी हसू नये. रिव्हेट ढिले होतात, आणि खाऱ्या पाण्यात दुसऱ्या धातूशी संपर्क आला की अॅल्युमिनियम झिजतं. तळाला तांबं असलेला शेवाळरोधक रंग लावला असेल तर विचारूच नका.

* * *

इंजिनाबद्दल थोडक्यात. बघायला जाण्याआधी विकणाऱ्याला सांगून ठेवा, इंजिन थंड राहू दे. आधीच चालवून गरम केलेलं इंजिन कुणाचंही पटकन सुरू होतं. सुरू झालं की मागून पाण्याची पिचकारी नीट येते का बघा. नाही आली तर लगेच बंद करा, इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचा पंखा गेलेला असू शकतो. गिअरचं तेल थेंबभर काढायला लावा. दुधाळ असेल तर आत पाणी शिरलंय. सगळ्या सिलिंडरांचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, एकमेकांच्या जवळपास हवं. आकडा किती यापेक्षा फरक किती ते पाहा.

आणि शाफ्टची, म्हणजे इंजिनापासून खाली पाण्यातल्या पंख्यापर्यंतच्या दांड्याची, लांबी! मी स्वस्तात मिळालं म्हणून 15 इंची शाफ्टचं इंजिन 20 इंची ट्रान्समवर चढवलं होतं. वळण घेतलं की पंखा हवा ओढायचा, इंजिन किंचाळायचं आणि बोट जागच्या जागी.

* * *

कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. पाणी भरल्यावर ती तरंगते का?

मी घेताना हा प्रश्न विचारला नव्हता. आम्ही तिघं होतो. मासे चांगले लागत होते, नांगराचा दोर हाताशी असावा म्हणून मी तो मागच्या कडीला बांधला. मूर्खपणा माझाच. मागची बाजू सगळ्यात बुटकी, इंजिनाचं वजन तिथेच, आणि आम्ही तिघंही तिथेच. एक मोठी लाट मागून चढली. गुडघ्यापर्यंत पाणी आलं, त्याने बोट आणखी बसली, दुसरी लाट सरळ आत आली. सगळं एका मिनिटात. आत शिरलेलं पाणी एका जागी थांबत नाही, आपण ज्या बाजूला जाऊ तिकडे धावतं आणि बोटीला आणखी कलवतं.

बोट काठापर्यंत भरली, पण पालथी झाली नाही आणि बुडाली नाही, कारण तिच्या पोकळीत फोम होता. त्या भरलेल्या टबात आम्ही छातीइतक्या पाण्यात बसून राहिलो, दुसरी बोट येईपर्यंत. बोस्टन व्हेलर ही बोट 1958 साली आली ती याच गुणावर. 1961 मध्ये ती बनवणाऱ्या कंपनीच्या मालकाने ती पाण्यातच करवतीने अर्धी कापून दाखवली आणि अर्धी बोट चालवत नेली, त्याची छायाचित्रं ‘लाइफ’ मासिकात आली होती. मला तेव्हा ती निव्वळ जाहिरात वाटली होती.

म्हणून विचारताना नीट विचारा. “फोम आहे का?” एवढं पुरत नाही. पाणी भरल्यावर ती सरळ तरंगते, की नुसतं नाळेचं, म्हणजे पुढच्या बाजूचं, टोक वर राहतं? यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. नांगर नेहमी नाळेकडून. इंधनाचा एक भाग जायला, एक यायला, एक शिल्लक. माणूस पडला की इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला. यातलं बोटीच्या किमतीत काहीच वाढवत नाही.

* * *

वरचे सगळे भीती घालतायत. बोट उत्तम असूनही मासेमारी वाईट होते त्याचं काय? माझ्या पहिल्या बोटीत चकाकणाऱ्या इतक्या कड्या आणि दांड्या होत्या की प्रत्येक फेकीला दोरी कशात तरी अडकायची. काठ गुडघ्याइतका, म्हणजे वाकून मासा उचलताना तोल पुढे. काठ मांडीच्या मध्यापर्यंत यायला हवा आणि त्याखाली पावलाचा पुढचा भाग शिरेल एवढी जागा, मग टेकून दोन्ही हातांनी रॉड धरता येतो. बघायला जाल तेव्हा रॉड सोबत न्या. ट्रेलरवर उभ्या बोटीत चढून गळ फेकायचं सोंग करा. लोक हसतात.

किती माणसं, तो आकडाही फसवा. फुटांतली लांबी गुणिले रुंदी भागिले 15, असा ठोकताळा आहे. 15 फुटी, 6 फूट रुंद बोटीला सहा येतात. सहा जण बसतील हो. गळ टाकतील तिघंच, बाकीचे तिघं वाकून डोकी वाचवतील.

* * *

मी कयाक घेतली. ट्रान्सम नाही, बेअरिंग नाही, पेट्रोल नाही. मेहुणाही मावत नाही.

* * *

धागा काढणारा बोलतोय. सगळं वाचून परवा एक बघून आलो. 15 फुटी, फायबरची, हातोडीचा आवाज सगळीकडे टणक. पाण्यात उतरवली, इंजिन बंद करायला लावलं, आणि मी, भाऊ आणि विकणारा तिघं मागच्या एका कोपऱ्यात उभे राहिलो. डेकवरचं पाणी बाहेर जायला जी भोकं आहेत त्यांतून पाणी उलटं आत आलं. बुटाची टाच बुडाली.

“तिघं एका कोपऱ्यात कशाला उभे राहाल?” विकणारा म्हणाला. “मोठा मासा लागला की तिघंही तिकडेच धावणार,” मी म्हटलं. तो हसला नाही.

येत्या रविवारी दुसरी बघायला चाललोय, अॅल्युमिनियमची. तिचा मालक फोनवर आपणहून म्हणाला, “तुम्ही याल तोवर इंजिन गरम करून ठेवतो.” थंडच राहू द्या, म्हटलं.