पहिल्या टर्मचे सिनेटर: कोण पडणेबल, हे ठरवायचं कसं?

कोष्टक:
अमेरिकन सिनेटमध्ये पहिली टर्म संपवून पुन्हा उभे राहणाऱ्यांची यादी एक्सेलमध्ये मांडली आणि गेल्या वेळच्या मताधिक्यानुसार लावली. फरक कमी तो धोक्यात, असा सरळ हिशोब. जुन्या निकालांवर ताडून पाहिलं तर तो साफ फसतो. न्यू हॅम्पशायरच्या मॅगी हसन २०१६ मध्ये अवघ्या १,०१७ मतांनी आल्या आणि २०२२ मध्ये ९ टक्क्यांनी जिंकल्या. इंडियानाचे जो डॉनेली २०१२ मध्ये पावणेसहा टक्क्यांनी आले आणि २०१८ मध्ये साधारण तेवढ्यानेच पडले. कोणता रकाना राहिलाय? आणि २०२६ साठी जॉर्जियाचे डेमोक्रॅट सिनेटर जॉन ऑसॉफ यांना कुठे ठेवायचं?

पिंपळपान:
मताधिक्य ठेवा, पण तिसऱ्या रकान्यात.

पहिला रकाना राज्याच्या कलाचा. अध्यक्षीय निवडणुकीतला राज्यातला फरक घ्या, त्यातून देशातला वजा करा. जॉर्जियात २०२० मध्ये बायडन ०.२ टक्क्यांनी पुढे, देशात ४.५ ने, म्हणजे राज्य देशापेक्षा ४.३ ने रिपब्लिकन. २०२४ मध्ये ट्रम्प तिथे २.२ ने, देशात १.५ ने पुढे, म्हणजे राज्याचा रिपब्लिकन कल फक्त ०.७. नुसतं ‘ट्रम्पने जिंकलेलं राज्य’ असं लिहिलंत तर ही सरक दिसतच नाही.

दुसरा रकाना स्वतःच्या कमाईचा: आपल्याच पक्षाच्या अध्यक्षीय उमेदवारापेक्षा सिनेटर किती पुढे. नेवाडात २०२४ ला हॅरिस ३.१ ने हरल्या, जॅकी रोझेन १.७ ने जिंकल्या, कमाई ४.८. माँटानात हॅरिस २० ने मागे, जॉन टेस्टर ७ ने. कमाई १३, तरी घरी गेले (ते तीन टर्मचे होते, पण गणित तेच). कमाई खड्ड्याला (म्हणजे अध्यक्षीय उमेदवाराच्या पिछाडीला) पुरते का, एवढंच बघायचं. हल्ली खोल खड्डा सहसा भरून निघत नाही. २०१६ मध्ये प्रत्येक राज्यात सिनेट आणि अध्यक्षपदाचा कौल एकाच पक्षाला गेला, २०२० मध्ये फक्त मेन हे राज्य वेगळं निघालं. २०२४ मध्ये ॲरिझोना, मिशिगन, नेवाडा, विस्कॉन्सिन अशी चार राज्यं फुटली. चारही ठिकाणी ट्रम्पचा फरक ६ च्या आत.

गल्ली_ते_कॅपिटल:
+१. शिवाय पहिल्यांदा जिंकले *कशामुळे*, हे प्रत्येक नावापुढे एका ओळीत लिहाच. डॉनेलींची २०१२ ची जागा बरीचशी समोरच्या मर्डॉक यांनी वादसभेत उधळलेल्या मुक्ताफळांची देणगी होती. अलाबामात डग जोन्स २०१७ ची पोटनिवडणूक वादग्रस्त रॉय मूरसमोर जिंकले. २०२० मध्ये समोर धड उमेदवार आला आणि २० टक्क्यांनी आपटले. असली मताधिक्यं उसनी असतात, कोष्टकात शून्य धरा.

मग देशभरातला वारा. मध्यावधीत (अध्यक्षाच्या चार वर्षांच्या अधेमधे येणाऱ्या ठरलेल्या निवडणुकीत) अध्यक्षाच्या पक्षाला सहसा फटका बसतो, पण कुठल्या जागा मैदानात आहेत त्यावर सगळं. २०१८ मध्ये रिपब्लिकनांनी हाउस (कनिष्ठ सभागृह) गमावलं आणि सिनेटमध्ये निव्वळ २ जागा कमावल्या. डेमोक्रॅट हायडी हाइटकॅम्पना वारा अनुकूल होता, पण त्यांच्या नॉर्थ डकोटात २०१६ मध्ये ट्रम्प ३६ ने पुढे होते. ११ च्या आसपास फरकाने पडल्या.

रिकाम्या जागेवर गव्हर्नरच्या नेमणुकीने आलेल्यांना या यादीतून बाहेर काढा. अशा आलेल्या ॲरिझोनाच्या मॅकसॅली, जॉर्जियाच्या लोफलर दोघी २०२० च्या फेरीत हरल्या. २०२६ मध्ये ओहायोचे हस्टेड आणि फ्लोरिडाच्या मूडी याच खात्यात. लोकांनी त्यांना या जागेवर अजून निवडलेलंच नाही.

कोष्टक:
राज्यसभेसारखेच दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य बदलतात, म्हणून मी सगळ्यांना एकच मोजपट्टी लावत होतो. पैशाचा रकाना?

मतमोजणी:
राज्यसभेशी साम्य तिथेच संपतं. १९१३ पासून सिनेटर थेट जनतेतून येतात.

पैशात ‘किती जमवले’ बघू नका, ‘हातात किती शिल्लक’ ते बघा. एफईसीकडे (अमेरिकेचा केंद्रीय निवडणूक आयोग) उमेदवारांचे तिमाही अहवाल निवडणुकीच्या वर्षात १५ एप्रिल, १५ जुलै, १५ ऑक्टोबरला येतात. जमा आणि खर्च जवळपास सारखे असतील तर देणगीदार शोधण्यातच पैसा जातोय. आणि उमेदवाराचा डॉलर सुपर पॅकच्या (उमेदवारापासून स्वतंत्रपणे प्रचारावर खर्च करणाऱ्या गटाच्या) डॉलरपेक्षा वजनदार: मतदानाआधीचे ६० दिवस टीव्हीला उमेदवाराकडून सर्वात कमी दर घ्यावा लागतो, सुपर पॅकला ही सवलत नाही. दोघांच्या रकमा एका रकान्यात मिसळल्या की चित्र बिघडतं.

जॉर्जियासाठी आणखी एक रकाना: ५० टक्के ओलांडले नाहीत तर पुन्हा मतदान, तेही आता नऊऐवजी चारच आठवड्यांत. नोव्हेंबर २०२० मध्ये डेव्हिड पर्ड्यू ४९.७ टक्क्यांवर अडकले आणि ५ जानेवारीला याच ऑसॉफकडून हरले. तिसरा उमेदवार दीड-दोन टक्के खातोय का, ते इथे बघावंच लागतं.

पिंपळपान:
ऑसॉफबद्दल: २०२६ मध्ये ट्रम्पच्या राज्यातून पुन्हा उभे राहणारे एकमेव डेमोक्रॅट सिनेटर, त्यामुळे बातम्यांत सर्वात वर. पण खड्डा २.२ चाच, वारा विरोधी पक्षाच्या, म्हणजे डेमोक्रॅटांच्या बाजूने, आणि रिपब्लिकन गव्हर्नर केम्प यांनी मे २०२५ मध्ये उभं राहायला नकार दिल्याने समोरचा सर्वात तगडा गडी मैदानात नाही. मी ‘काठावर, पण किंचित वरचढ’ धरेन. मतचाचण्यांत दोघांमधला फरक बघण्याआधी ऑसॉफचा स्वतःचा आकडा बघा. समोरच्याचं नाव लोकांना ठाऊक नसताना पडलेला फरक फुगीर असतो.