मदत हवी आहे : सिमला–काझा–मनाली सरकारी बसने, मुक्काम कुठे करावेत?

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरमध्ये धाकटी बहीण आणि मी सॅक पाठीवर टाकून सिमल्याहून निघतोय. रेकाँग पिओ, नाको, ताबो, काझा, मग कुंझुम खिंड ओलांडून मनाली. सगळा प्रवास हिमाचलच्या सरकारी बसने. गाडी भाड्याने घ्या, असा सल्ला पुष्कळांनी दिलाय, पण आम्हाला स्पिती खोऱ्यातल्या माणसांच्या शेजारी बसूनच जायचंय, तेव्हा त्यावर इथे चर्चा नको.

जुलै-ऑगस्टमध्ये वाटेवरच्या किन्नौर जिल्ह्यात दरडी कोसळतात आणि ऑक्टोबरनंतर कुंझुमचा भरवसा नाही, म्हणून सप्टेंबर. परवान्याचा प्रश्न नाही, भारतीयांना या रस्त्यावर तो लागत नाही.

माझी खरी काळजी उंचीची आहे. बहिणीला सल्फाची ॲलर्जी आहे, त्यामुळे डॉक्टरांनी डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायची गोळी) नको म्हणून सांगितलंय. म्हणजे सगळी भिस्त हळूहळू चढण्यावर. पिओहून पहाटेची बस धरली तर त्याच दिवशी काझाला पोहोचता येतं, पण पिओ साधारण २,३०० मीटरवर आणि काझा ३,६००च्या पुढे. एका दिवसात एवढी उडी मला नको आहे. म्हणून आधी कल्पाला (सुमारे २,९०० मीटर) राहायचं, मग ताबो (सुमारे ३,३००), मग काझा, असं डोक्यात आहे. नाको फार सुंदर आहे म्हणतात, पण ते ताबोपेक्षा उंच. तिथे फक्त जेवणापुरतं उतरून पुढची बस मिळते का? की दिवसाला एकच बस असते आणि उतरलो की मुक्काम ठरलेलाच?

नकाशा बघताना एक गोष्ट लक्षात आली आणि तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही. काझात कुणाला त्रास झाला तर औषध एकच, खाली उतरणं. पण मनालीच्या बाजूने उतरायचं तर आधी कुंझुमला साडेचार हजार मीटरच्या वर चढावं लागतं. किन्नौरच्या बाजूने गेलं तरी वाटेत नाकोचा चढ आहेच, खरा उतार त्यानंतर खाबच्या स्पिती-सतलज संगमापर्यंत. अशा वेळी तुम्ही काय केलंत? काझाच्या सरकारी रुग्णालयात ऑक्सिजनची सोय कशी आहे? डोकेदुखी, मळमळ दिसली तर ताबोलाच थांबायचं, पुढची बस सोडून द्यायची, एवढं दोघींत ठरलंय.

दुसरा प्रश्न कुंझुम उतरल्यावर मनालीच्या वाटेवर लागणाऱ्या बातलचा. बातल ते छत्रू या पट्ट्यात चंद्रा नदीच्या पलीकडे बडा शिग्री हिमनदी येऊन मिळते. हिमाचलमधली सगळ्यात मोठी, जवळपास २८ किलोमीटर लांब. तिच्या तोंडाशी बर्फावर दगडमातीचा इतका थर आहे म्हणे, की बसमधून नुसता राखाडी ढिगारा दिसतो आणि लोक ओळखल्याशिवाय पुढे जातात. मला ती नीट बघायची आहे. काझाहून येणाऱ्या बसमधून बातलला उतरलो, रात्री ढाब्यावर राहिलो आणि दुसऱ्या दिवशी तीच बस धरायची म्हटली, तर जागा मिळते का? उभ्याने जायची तयारी आहे, पण त्या खडबडीत रस्त्यावर ग्रांफूपर्यंत (जिथे तो मनालीच्या हमरस्त्याला मिळतो) उभं राहणं बहिणीला झेपेल का, हे ज्यांनी केलंय त्यांनीच सांगावं. बातल स्वतः चार हजार मीटरच्या आसपास, पण काझात नीट रुळल्यावर एक रात्र चालेल असं वाटतं. चूक असेल तर स्पष्ट सांगा.

दुपारी ऊन चढलं की बर्फ वितळून नाल्यांचं पाणी वाढतं. सप्टेंबरमध्येही बसला त्यासाठी थांबावं लागतं का? सॅक टपावर टाकावी लागली तर धुळीसाठी काय करता? आणि छत्रूच्या दिशेने येताना बडा शिग्री कुठल्या खिडकीतून दिसते?

रेल्वेची तिकिटं अजून काढलेली नाहीत, त्यामुळे मुक्काम वाढवावा लागला तर सहज वाढवता येईल. गेल्या वर्ष-दोन वर्षांत बसने जाऊन आलेल्यांनी जरूर लिहा.